मुरमाखालचं गरम पाणी

खारघरच्या स्पाच्या दारात गंधकाचा वास आला आणि पनवेलजवळचं गरम पाण्याचं कुंड आठवलं.

नव्वदीची सुरुवात होती. आईचे गुडघे शेकायला आम्ही दरवर्षी जायचो. पाहुण्याला आधी कुंडात शिजवलेला भात, मग तेच पाणी निववून स्नान, हा गावचा रिवाज. त्या दिवशी काठावर नव्या शहराच्या भरावासाठी आलेला मुरमाचा डंपर उभा होता. आमच्या यजमानीण बायजाबाईंनी तांदळाची पुरचुंडी दोरीने पाण्यात सोडली होती.

"मावशी, बाजूला व्हा," मुकादम म्हणाला.

"भात शिजू दे. पावनी उपाशी हाय. मंग टाक तुजी माती."

"मातीत शिजेल की!" तो हसला. डंपर कुंडात रिकामा झाला. दोरी बायजाबाईंच्या हातात राहिली. आई उपाशीच परतली.

स्पाच्या पाटीवर लिहिलं आहे, 'पनवेलचा गंधकस्नानाचा वारसा'. तो वारसा कच्च्या भातासकट पुरला, तेव्हा मी तिथे होतो.