मोठ्याच्या जागी लहान विमान

विमान बदलल्याचा निरोप आला तेव्हा मी क्रांती चौकात सिग्नलला उभा होतो. गाडीवर असताना मोबाइल बघायचा नाही हा माझा नियम, म्हणून तो घरी येऊन वाचला. हैदराबादला जाणारं आमचं विमान बदललं आहे, मोठ्याऐवजी पंख्यांचं लहान विमान जाईल, तुमच्या जागा बदलू शकतात. प्रवास नको असेल तर पूर्ण पैसे परत, किंवा दुसऱ्या कुठल्याही दिवसाचं तिकीट, जादा काही न घेता. आम्हाला परवा निघायचं होतं.

दुसऱ्या कुणी हा निरोप वाचून बाजूला ठेवला असता. विमान लहान असो की मोठं, दीड तासात पोचवतं. पण ते तिकीट काढायला मी आठवडा घालवला होता, आणि त्याचं कारण माझे वडील.

वडील ब्याऐंशीचे आहेत. त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे आणि हृदय अधू असल्यामुळं ऑपरेशन करता येत नाही. अर्ध्या-पाऊण तासाला त्यांना उठावं लागतं, आणि लागली की धरवत नाही. मागच्या वर्षी दवाखान्यातून येताना रिक्षा गर्दीत अडकली आणि जे व्हायचं ते रिक्षातच झालं. रिक्षावाला भला माणूस, काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून वडिलांनी घराबाहेर पडणं सोडलं. देवगाव रंगारीला भावकीतलं लग्न होतं, तिथंही आले नाहीत. "मांडवात मी काय सारखी उठबस करत बसू?" म्हणाले. बायकोनं एकदा चाचरत डायपरचा विषय काढला, तर ते दिवसभर जेवले नाहीत.

अशा माणसानं आपणहून म्हटलं होतं, "मला हैदराबादला ने."

हैदराबादला माझी आत्या राहते. निजामाचं राज्य घालवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी तिचं लग्न झालं आणि ती तिकडं गेली. तेव्हा ते आमच्याच राज्याचं मोठं शहर होतं. पुढं राज्यं वेगळी झाली आणि ती परराज्यातली झाली. वडील लहानपणी उन्हाळ्यात लासूर स्टेशनवरून छोट्या लाइनच्या गाडीत बसून तिच्याकडं जायचे, महिना महिना राहायचे. आई लवकर गेल्यामुळं त्यांना जेवू घालणारी, मारणारी आणि कुशीत घेणारी तीच. आता तिचं माणसं ओळखणं कमी होत चाललं होतं. आतेभाऊ फोनवर म्हणाला होता, "मामांना आणायचं असेल तर आत्ता आण. अजून त्यांचं नाव घेते."

म्हणून मी मोठ्या विमानात पहिल्या रांगेतल्या दोन जागा घेतल्या होत्या. त्या विमानात स्वच्छतागृह पुढंच असतं, हे फोन करून विचारून घेतलं होतं. वडिलांना कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. त्यांनी चष्मा लावून ते बघितलं, आणि मगच हो म्हटलं होतं.

आता ते चित्र खोटं झालं होतं.

संध्याकाळी मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगी आली. मी विचारलं, मोठं विमान पुन्हा कधी आहे? ती म्हणाली, तुमच्या तारखेनंतर चार दिवसांनी. त्यात पहिली रांग मिळेल? मिळेल. तेव्हा तरी ते बदलणार नाही ना? त्यावर ती म्हणाली, "सर, तसं मला सांगता नाही येणार." खरं बोलली. मी तिला रात्री कळवतो म्हणालो.

घरात मग ज्याला त्याला मत होतं. बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "पैसे परत देतायत ना? मग घ्या. अण्णांचे हाल आणि तुमचेही. तिकडून व्हिडिओ लावतील, इथं बसून बोलतील."

"व्हिडिओवर आत्याला काय दिसतंय? मागच्या वेळी ती मोबाइलच्या मागं बघत होती, माणूस कुठं बसलाय म्हणून."

"मग रेल्वेनं जा. संडास तरी हातभर अंतरावर."

रेल्वेचा विचार मी आधीच करून टाकून दिला होता. रात्रभराचा प्रवास, हलत्या डब्यात भिजलेली फरशी, आणि वडिलांचा तोल. पुण्याच्या धाकट्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "पंख्याचं? नको रे दादा. ते हवेत एसटीसारखं उडतं. चार दिवस थांब, मोठं मिळतंय ना फुकटात."

त्याचं म्हणणं मला पटत होतं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला काहीही पटलं असतं, फक्त ठरवायचं काम दुसऱ्या कुणी केलं पाहिजे होतं. ऑफिस, दवाखाना, औषधं, मुलीची फी, नळाला एक दिवसाआड पाणी, आणि आता विमान. मी हिशोबी माणूस आहे असं सगळे म्हणतात. म्हणजे हिशोब माझ्याकडं सरकवतात.

शेवटी आतेभावाला फोन केला. म्हटलं, चार दिवस उशीर झाला तर चालेल का? तो म्हणाला, "परवा नाव घेतलं. काल घेतलं नाही. आज सकाळी मलाच विचारलं, दूध घालायला आलास का. तू बघ बाबा. मी काय सांगू?"

मी फोन ठेवला तर वडील दारात उभे. ते कधी आले, किती ऐकलं, माहीत नाही.

"काय म्हणतो तो?"

मी दोन्ही बाजू मांडल्या. लहान विमान परवा, पण आत कसं असेल ठाऊक नाही. मोठं विमान त्यानंतर चार दिवसांनी, पहिली रांग, चित्रात दाखवलं तसंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधेच उठून जाऊन आले, पुन्हा बसले.

"मोठं विमान यीस्तोर मी थांबन," ते म्हणाले. "मला काय काम हाय? पण ती थांबल का?"

"पण अण्णा, तुमचं…"

"माझं काय व्हायचं ते रिक्षात झालं की. विमानात झालं तर विमानात." आणि मग बायकोकडं बघून, जरा खालच्या आवाजात, "सूनबाई, ते तुमचं जे काय आसंल ते पिशवीत टाकून ठेवा. घालीन म्हणत नाय. पिशवीत आसू द्या."

बायको भाजी सोडून आत गेली.

मी पुन्हा कंपनीला फोन लावला. आता दुसरी मुलगी. ती म्हणाली, विमान जवळपास भरलंय, पण जोडीच्या जागा दोन ठिकाणी आहेत, एकदम मागं किंवा एकदम पुढं. मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. पुढं म्हणालो.

आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाला मागची सीट देत नाहीत. देवगाव ते लासूर स्टेशन एसटीनं ज्यानं केलंय त्याला कारण सांगावं लागत नाही; मागच्या सीटवर माणूस बसत नाही, उडतो. घरातलं कुणीही कुठलंही तिकीट काढायला निघालं की आतून ओरडा येतो, "पुढची घ्या!" पुढची सीट मिळाली म्हणजे सोय झाली, मानही राहिला. त्या रात्री मी निवांत झोपलो.

निघायच्या दिवशी दुपारी विमानापाशी गेलो तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती ही की दार मागं होतं. दारालाच जोडलेल्या चार-पाच पायऱ्या. त्या वडील कठडा धरून चढले, माझा हातही घेतला नाही. मला बरं वाटलं. आत पाऊल टाकलं आणि डाव्या हाताला स्वच्छतागृहाचं दार.

वडील थांबले. "हे हितंच हाय व्हय?"

मी हवाईसुंदरीला विचारलं, पुढं दुसरं असेल ना? ती हसून म्हणाली, नाही सर, एकच आहे.

मग आम्ही चालायला लागलो. अरुंद वाट, दोन्हीकडं माणसं, कुणी बॅग वर ठेवतंय, कुणी वाटेतच उभं. सगळं विमान ओलांडून पहिल्या रांगेत पोचलो. वडील बसले आणि मान वळवून मागं बघितलं. मोठ्या विमानातलं कोष्टक मी लहान विमानाला लावलं होतं. पुढची जागा घेताना मी एकच प्रश्न विचारला नव्हता, आणि तोच विचारायचा होता.

"चांगली जागा काढली," वडील म्हणाले. "डायव्हर दिसतो का बघ."

मी परत मागं गेलो. शेवटच्या रांगेत एक जोडपं बसलं होतं, साठीच्या आसपासचं. माणसानं डोक्याला जाळीची टोपी घातलेली, बाईंच्या मांडीवर फराळाचा डबा. मी आडवळणानं सुरुवात केली, वडील, वय, तब्येत. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"पेशाबचा त्रास ना? सांगा की मग सरळ. मला शुगर हाय, मला काय सांगता." ते उठलेच. "आणा चचांना. आमचं काय, पुढं बसलो तर इज्जतच वाढंल."

बाई डबा सावरत म्हणाल्या, "चालीस साल में बस में कभी आगे नहीं बिठाया इन्होंने. चलो, आज हवाई जहाज में बिठा रहे."

हवाईसुंदरीनं आधी कपाळाला आठ्या घातल्या. लहान विमानात माणसं मनाला येईल तशी इकडची तिकडं करत नाहीत, वजनाचा तोल बघतात. मग दोघांच्या जागी दोघंच जातायत म्हटल्यावर तिनं वैमानिकाला विचारलं आणि मान हलवली. वडील पुन्हा ते सगळं विमान ओलांडून मागं आले. वाटेत त्या माणसानं त्यांना सलाम केला. वडिलांनीही हात कपाळाला लावून लहानपणच्या सवयीनं "आदाब" म्हटलं.

विमान वर गेलं. आवाज होता, थोडं डगमगलं, पण भाऊ म्हणाला तसं काही उडालं नाही. माझं सगळं लक्ष त्या दाराकडं. पट्ट्यांची खूण विझली तसं मी म्हटलं, "जाऊन येता का?"

"नको."

थोड्या वेळानं परत विचारलं.

"अरे, हाय म्हणल्यावर लागंना की," ते म्हणाले. "तू जाऊन ये हवं तर." आणि खिडकीतून खाली बघत बसले. उतरेपर्यंत ते एकदाही उठले नाहीत.

हैदराबादला मात्र मी ज्याची मोजदादच केली नव्हती तो प्रवास निघाला. विमानतळ ते आत्याचं घर. विमानाला लागला जवळजवळ तेवढाच वेळ टॅक्सीत. दोनदा पेट्रोल पंपावर थांबलो. दुसऱ्यांदा टॅक्सीवाल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं, तेव्हा मी त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं असणार की त्यानं नजर काढून घेतली. पिशवीतलं बायकोनं ठेवलेलं पिशवीतच राहिलं.

आत्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. फार लहान झाली होती. वडील दारातून दोन्ही हात पुढं करून निघाले, पण ती त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होती.

"आलास?" ती मला म्हणाली. "किती वाळलास रे. खायला घालत नाहीत का तुला?"

वडील मधेच थांबले.

आतेभाऊ वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "आई, मामा हे. हा त्यांचा मुलगा."

तिनं वडिलांना नीट न्याहाळलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "पाव्हणे आलेत. पाणी द्या त्यांना," म्हणाली. आणि मला जवळ ओढून घेतलं.

मी वडिलांकडं बघितलं. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची घेतली, आणलेलं पाणी प्यायले, पेला खाली ठेवला. मला हातानं खूण केली, बस तिच्यापाशी.

"शेळी कुणाकडं ठेवून आलास?" आत्यानं विचारलं.

मला काय ठाऊक. खुर्चीतून हळू आवाज आला, "मळ्यातल्या मावशीकडं म्हण."

"मळ्यातल्या मावशीकडं," मी म्हणालो.

"दूध पिऊन टाकंल ती सगळं. आणि परीक्षा?"

"पास झालो म्हण," खुर्चीतून.

"पास झालो."

"खोटारडा," आत्या म्हणाली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. धपाट्यात जोर नव्हता, पण तो द्यायची पद्धत सरावाची होती.

वडील हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला. "त्या साली नापासच झालो व्हतो," ते आतेभावाला म्हणाले. "बराबर वळखलं तिनं."

मग ती विचारत राहिली, वडील सांगत राहिले आणि मी बोलत राहिलो. विहिरीला पाणी किती आहे, काकू अजून भांडते का, पायातला काटा निघाला का. मधे वडील उठून जाऊन आले, तेवढ्यात तिनं विचारलेल्या एका प्रश्नाला मी नुसता हुं म्हणालो, तर तिला ते पटलं नाही. ते परत येऊन बसल्यावर मी उठायला लागलो. म्हटलं, "अण्णा, तुम्ही बसा ना इथं. निदान हात तरी धरा तिचा."

आत्यानं माझं मनगट सोडलं नव्हतं.

"उठू नको," वडील म्हणाले. "तुला धरलंय नव्हं तिनं? बस. मला हितनं ती चांगली दिसती."