दूध, अंडं, पालेभाजी

पाहणीवाली बाई नगरहून आमच्या मिरजगावजवळच्या वस्तीवर आली, तेव्हा माझ्या धाकट्या जावेला सहावा महिना होता. बायांची कामं, तब्येत आणि घरची कमाई यांचा अभ्यास करायचा म्हणे. बाईनं जावेचं बोट टोचलं, रक्त यंत्रात घातलं आणि म्हणाली, "फारच कमी आहे हो. काल दिवसभरात काय काय खाल्लंत?"

सासूबाईंना तिनं दोनदा बाहेर बसायला सांगितलं होतं. त्या कसल्या उठतायत! दारातच लसूण सोलत बसल्या. जावेनं तिकडं पाहिलं आणि भराभरा सांगून टाकलं, "दूध, अंडं, पालेभाजी, डाळ." सासूबाईंचा चेहरा फुलला. माझं डोकंच फिरलं. अगं बये, दूध डेअरीला, अंडी पुरुषांच्या ताटात, तुझ्या वाट्याला पातेल्याच्या बुडाचं कालवण! पण परक्यासमोर घरातलं उणं काढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सुनेनं तर नाहीच नाही.

"एवढं खाऊनही?" बाई बुचकळ्यात पडली. नगरला मोठ्या दवाखान्यात लगेच दाखवा, असं बजावून गेली.

संध्याकाळी मी विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "कांद्याची लागवड उरकू दी, मग नेऊ. घरात खायाला कमी हाय व्हय? तिनंच सांगितलं की." दीर मान खाली घालून जेवत राहिले. गाईनं एक वेळ वैरण सोडली तर ह्याच घरात डॉक्टर गोठ्यात हजर असतो.

लागवड उरकली, मग खुरपणी निघाली. बाळंतपणात रक्त थांबेना. नगरच्या वाटेवर, ॲम्ब्युलन्समध्ये, माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. पोरगी तेवढी वाचली.

पुढच्या साली तीच बाई आली. तोच प्रश्न. सासूबाई दारातच.

"लिवा," मी म्हणाले. "शिळी भाकरी आन् कालवणाचं पानी. दूध थेंबभर न्हाई. तिनंबी हेच खाल्लं हुतं."

"घराची अब्रू वेशीला टांगलीस!" सासूबाई कडाडल्या.

"टांगली," मी म्हणाले.

बाईनं माझं लिहून घेतलं. जावेचंही बदला म्हटलं, तर टॅबवरून नजर न काढता हळूच म्हणाली, "गेल्या वर्षीचं नाही बदलता येत, ताई. त्यांनी स्वतः सांगितलंय ना."

म्हणजे त्यांच्या अभ्यासात माझी जाऊ दूध पिऊन, अंडी खाऊन मेली.