बिनस्प्रिंगची सीट

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. भिंगरीचं काय करायचं ते तिला कळलं नाही, म्हणून तिनं मला सायकल शिकू दिली. खामगावातून लग्न होऊन डोणगावला आले तेव्हा मास्तरकीचं ट्रेनिंग आणि एक जुनी लेडीज सायकल, एवढंच माझं म्हणावं असं बरोबर होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. खेड्यापाड्यांत नव्या शाळा निघत होत्या आणि मला नोकरी लागली ती आडबाजूच्या एका खेड्यात. अर्धी वाट डांबरी सडकेची, अर्धी पांदणीची. पांदण म्हणजे दोन्हीकडे शेतं, मधून बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि पावसाळ्यात घोट्याएवढा काळा चिखल.

घरात आम्ही तिघं होतो: हे, मामंजी आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामंजी माझ्याशी थेट बोलत नसत. सासऱ्यानं सुनेशी बोलू नये अशी रीत. सांगायचं असेल ते ओसरीसमोर बांधलेल्या बैलाला सांगत, मला ऐकू येईल अशा आवाजात. "काऊन बे, आज वरणात मीठ नाही पडलं वाट्टे," असं त्यांनी बैलाला विचारलं की मी मीठ घेऊन जायची.

नोकरीचा हुकूमही बैलालाच सुटला. "कोणाले शाळा शिकवाची असन तं शिकवा म्हणा. पण दिवेलागणीच्या आत घरी पायजे. घरात एक बाईमाणूस, अन् तुळशीपाशी दिवा म्या लावावा?"

पहिल्या महिन्यातच तो दिवा त्यांना पुष्कळदा लावावा लागला. मी उंबऱ्यात चिखलाचे पाय घेऊन उभी आणि ते तुळशीपाशी खोकत काड्या ओढताहेत, हे बघून मी तशीच पाय धुवायला धावायची. शेवटी एका संध्याकाळी बैलाला सांगून झालं, "पोळ्यापरेंत पाहू. मंग राजीनामा."

आता उशीर का व्हायचा? माझ्या सायकलची सीट हे त्याचं उत्तर सांगितलं तर लोक हसतील, पण खरं तेच होतं. रुंद, जाड, खाली तीन भल्यामोठ्या स्प्रिंगा. सडकेवर ती पाटलिणीसारखी डुलायची. पांदणीत मात्र प्रत्येक खड्ड्याला मला उडवायची. त्यात गावाचा एक कायदा होता: वडीलधारं माणूस दिसलं की सुनेनं सायकलवरून उतरायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, ते माणूस पुढं जाईपर्यंत चालायचं. आणि संध्याकाळी शेतातून परतणारी सगळी माणसं मेली वडीलधारीच! दर उतरण्याला स्प्रिंग माझ्या पातळाचा घास घ्यायची. ओढावं तर फाटतं, सोडवावं तर वेळ जातो. पुढं चिखल मडगार्डात गच्च बसला की सगळं धूड उचलून सडकेपर्यंत न्यायचं. नाकापेक्षा मोती जड, तसली गत.

मी यांना म्हटलं, "मला हलकी सीट पाहिजे. बिनस्प्रिंगची."

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं सायकलच्या दुकानात गेलो. तारेवर सीटा टांगलेल्या होत्या. माझी नजर गेली ती कोपऱ्यातल्या एका अरुंद, कडक चामड्याच्या सीटवर. हातात घेतली तर काहीच वजन नाही.

"बाई, हे सीट पोट्टे शर्यतीसाठी नेतात," दुकानदार म्हणाला. "तुमाले काऊन पायजे?"

"मला रोजचीच शर्यत आहे," मी म्हटलं.

बसून बघायला हवं होतं. पण भर बाजारात, चार पुरुषांच्या देखत, सून सायकलवर बसून सीटा तपासणार? दुकानदारानं यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यासाठी सीट निवडायला हे बसले. चांगले दोन माणसांचा ऐवज असलेले आमचे हे! माझी सीट ठरणार त्यांच्या बुडावरून! मी दातओठ खात उभी.

गुबगुबीत रेग्झीनच्या सीटवर बसून हे म्हणाले, "हे पाय, कशी गादी हाये! राजावाणी वाट्टे." मी निवडलेल्या सीटवर टेकले आणि लगेच उठले. "बोचते बे हे."

"बोचू द्या. मला हीच पाहिजे."

"अवो, माणसानं आरामाचं पायलं पायजे."

"आराम मी घरी करीन. घरी पोचू तर द्या!"

दुकानदारानं मान खाली घालून पाना उचलला.

बोचली. खोटं कशाला सांगू? पहिले काही दिवस डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. कुठं दुखतं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. वर्गात मी खुर्चीवर न बसता उभ्यानंच शिकवायची आणि मुलांना वाटायचं, बाई फार कडक. चामड्याला तेल चोळत राहिले. पांदणीत बूड उचलून पायडलवर उभी राहायला शिकले. हे म्हणायचे, "म्या सांगतलं होतं," आणि मी ओठ चावून भाकरी थापायची. पण पातळ अडकेना, चिखलात सायकल उचलताना हायसं वाटायला लागलं, आणि एक दिवस बोचायचं थांबलं. कधी, ते कळलंच नाही.

तरीही मधूनमधून उशीर व्हायचाच. उतरणं कुठं चुकत होतं? पोळा जवळ आला तशी माझी झोप उडाली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुवून त्यांचे जुवाखाली दुखलेले खांदे शेकतात. त्या संध्याकाळी शाळेतून निघायलाच वेळ झाला. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं आणि मी पांदणीतून जीव खाऊन पायडल मारत होते. वळण घेतलं तर समोर बैल धुवून आणणारे मामंजी. पांदण अरुंद, दोन्ही बैल आडवे.

त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. उतरले तर बैलांमागून चालत घर, म्हणजे आज अंधार आणि उद्या राजीनामा. न उतरले तर सासऱ्यासमोरून सायकल हाणणारी सून. राग आला, रडू आलं, आणि सवयीनं एक पाय खाली गेलाच.

तेवढ्यात मामंजींनी माझ्याकडे पाठ केली. कपाशीत काहीतरी हरवल्यासारखे शेताकडे बघत उभे राहिले आणि बैलाच्या ओल्या खांद्याला हात लावून त्याला कडेला ढकललं.

"सरक बे," ते बैलाला म्हणाले. "मास्तरीणले दिवा लावाचा हाये."

मी उतरले नाही. त्यांच्या पाठीमागून, बैलाच्या शेपटाला घासत निघून गेले. पुढच्या वळणाआड गेल्यावर मात्र उतरावं लागलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चाकोरी दिसत नव्हती.