वाऱ्याच्या जागी नाव

भांडुपच्या वनमालाकाकूंनी नवऱ्याचं नाव आयुष्यात मोजून तीनदा घेतलं, तेही उखाण्यात. बाकी सगळा संसार ‘अहो’ आणि ‘आमचे हे’ यांवर निभावला. एके सकाळी हे दूध आणायला गेले, ते परत आलेच नाहीत. रस्त्यातच सगळं आटोपलं. काकू तेव्हाही कुणाला काही बोलल्या नाहीत.

दोन वर्षांनी सोसायटीच्या गणपतीच्या स्मरणिकेसाठी त्यांनी पहिली कविता लिहिली. वाऱ्यावर.

न सांगता गेलास, वाऱ्या,
आता दार का वाजवतोस?
चहा ठेवला होता तुझा,
निवल्यावर कुणी येतं का रे?

स्मरणिकेची पानं लावत होता तिसऱ्या मजल्यावरचा श्रेयस. संगणकवाला, कामाला चोख. वाऱ्यासाठी चहा कोण ठेवतं? त्याने ‘वाऱ्या’ खोडून काकांचं नाव ‘काशीराम’ घातलं, वर त्यांचा फोटो लावला आणि छापायला द्यायच्या आधी कागद दाखवायला आला.

काकूंनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचे ओठ हलले, “न सांगता गेलास, काशीराम...” आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

“मेल्या, हे काय केलंस?”

“काकू, तुम्हाला तेच म्हणायचं होतं ना? मी फक्त क्लिअर केलं.”

“अरे, ह्यांना मी असं बोलेन? अख्ख्या बिल्डिंगसमोर? चहा निवला म्हणून यांनी कधी कुरकुर केली नाही, आणि मी यांच्यावर रुसू?”

“मग वाऱ्यावर कशा रुसता?”

“वाऱ्याला काय! कितीही बोल, राग धरत नाही. उद्या परत दार वाजवतो. माणूस येतो का?”

श्रेयसने तिथेच मोबाइल काढला, ‘वाऱ्या’ परत जागेवर बसवला आणि काकूंना दाखवला. “आणि फोटो?”

“ठेव की. पण चार पानं सोडून. शेजारी शेजारी दिसले तर माणिकवहिनी लगेच ओळखतील, एक नंबरची चौकस बाई.”

तो हसला, सॉरी म्हणाला आणि चुकीचा कागद चुरगळायला लागला. काकूंनी झटकन त्याचा हात धरला.

“तो राहू दे माझ्याकडे.”

“पण तो चुकलाय, काकू.”

“म्हणूनच.” त्यांनी कागदाच्या चुण्या मांडीवर हाताने सपाट केल्या. “उखाण्याबाहेर आज पहिल्यांदा नाव आलं तोंडात. तुझे उपकार आहेत रे बाबा. बस, चहा ठेवते. आणि निवायच्या आत पी.”