खाली बसलेली वार आणि भाड्याचं माहेर

"वार खाली आहे," सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणाले. मी काही बोलायच्या आत माझ्या सासूबाईंनी विचारलं, "मग उचलून वर न्हाई का ठेवता येत?"

डॉक्टर हसले नाहीत, म्हणून मला भीती वाटली. त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, प्लॅसेंटा प्रिव्हिया. प्लॅसेंटा म्हणजे वार, जिच्यातून बाळाला आईकडून पोषण पोचतं. ती गर्भपिशवीत वरच्या अंगाला चिकटलेली असते. माझी मेली पिशवीच्या तोंडावरच बसली होती.

"दारात पोतं टाकून ठेवलंय असं समजा," डॉक्टर म्हणाले. "बाळाला बाहेर यायला वाट नाही. आणि पोतं हललं तर रक्त जाणार. दुखणार नाही, नुसतं रक्त जाईल. तसं झालं की वाट बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा."

मी राहात्यात ब्लाऊज शिवते. पहिलंच बाळंतपण, पाचवा महिना. तोवर माझी मोठी काळजी एवढीच होती, की लग्नसराईच्या ऑर्डरी कोण पुऱ्या करणार. डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी वाढते तशी पुष्कळ बायकांची वार वर सरकते, आठव्या महिन्याच्या तोंडाशी पुन्हा बघू. तोवर जड उचलायचं नाही, गाडीत आदळआपट नको, आणि मिस्टरांनी लांब राहायचं. हे शेवटचं त्यांनी सासूबाईंच्या देखत सांगितलं. मी छताकडे बघितलं, सासूबाईंनी लेकाकडे बघितलं, आणि आमचे हे सोनोग्राफीच्या मशीनची कंपनी कुठली ते वाचायला लागले.

निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, तीच तुम्हाला सांगायला मी हे सगळं लिहितेय. "दवाखाना आत्ताच ठरवा. तिथं रक्त जागेवर मिळतं का, भूल देणारे डॉक्टर किती लांब राहतात, आणि कमी दिवसांच्या बाळाला ठेवायची काचेची पेटी आहे का, एवढं विचारा. डॉक्टर गोड बोलतात का ते नंतर बघा."

आमच्यात नेमकं उलटं चालतं.

माझं माहेर जामखेडचं. जिल्ह्याच्या एका टोकाला सासर, दुसऱ्या टोकाला माहेर. आणि पहिलं बाळंतपण माहेरीच, यात आमच्याकडे कुणी कुणाला विचारतसुद्धा नाही. मी गोड बातमी दिली त्याच दिवशी आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जामखेडचे डॉक्टर ठरवून टाकले होते. का, तर डॉक्टरांचं शेत आमच्या बांधाला लागून. "बांधाचा शेजारी हाय. त्यो काय वाईट करील व्हय?" आता बांधाच्या शेजाऱ्यांची भांडणं कुठवर जातात हे अण्णांना मी सांगायची गरज नव्हती, पण माणूस लेकीच्या बाळंतपणात सगळं विसरतो.

मी हट्टच धरला, की मला डॉक्टरांशी बोलायचंय. अण्णांनी बांधावरूनच व्हिडिओ कॉल लावला. लिंबाच्या झाडाखाली उभं राहून डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, साधी डिलिव्हरी असती तर मी नाही म्हटलं नसतं. तुमची माझ्याकडे नको. नगरला मोठ्या ठिकाणी जा." मला तो माणूस देवासारखा वाटला. अण्णांनी मात्र त्यांच्याशी रामराम बंद केला. शेजारी असून नाही म्हणतो म्हणजे काय!

इकडे सासूबाईंचे वेगळेच डॉक्टर. आमचे हे त्यांच्याच हातचे. "हात लई हलका त्यांचा," सासूबाई म्हणायच्या, जणू मला बांगड्याच भरायच्या होत्या. डॉक्टर म्हातारे, स्वभाव लोण्यासारखा. मी प्रश्न विचारले. भूल देणारे बाहेरगावाहून येणार, रक्त गाडी पाठवून आणायचं. "पण काळजी नको पोरी, वर सरकेल वार," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नाही सरकली तर?

आमच्या ह्यांनी मोबाईलवर शोध लावला. ज्याला जास्त चांदण्या तो दवाखाना चांगला. पाच चांदण्यांचा एक सापडला, तर लोकांनी लिहिलेलं, पार्किंग प्रशस्त आहे आणि समोर मिसळ झकास मिळते. मी म्हटलं, तुम्ही बाळंत होणार असाल तर आपण तिथंच जाऊ. रुसले. मग मीच मोबाईल घेतला आणि खालून वाचायला सुरुवात केली. एकच चांदणी दिलेल्या एका माणसानं नगरच्या एका दवाखान्याबद्दल लिहिलं होतं, "मॅडम लई ओरडतात. नातेवाईकांना आत सोडत नाहीत. बायको आणि बाळ वाचलं."

मी म्हटलं, हाच.

मॅडमनी पहिल्या पाच मिनिटांतच लौकिक राखला. हातातल्या बांगड्यांवरून ओरडल्या, परवा मी शिलाई मशीन सरकवलं त्यावरून ओरडल्या, आणि ते मी सरकवत असताना शेजारी उभ्या राहिलेल्या माणसावर तर फारच ओरडल्या. आमच्या ह्यांनी मान खाली घातली. मग मी माझे प्रश्न विचारले. रक्त खालच्या मजल्यावर. काचेची पेटी स्वतः नेऊन दाखवली. भूल देणारे?

"ते वर राहतात. माझे मिस्टर आहेत," मॅडम म्हणाल्या. "बोलवायच्या आत येतात."

का येतात ते विचारावं लागलं नाही.

आठव्या महिन्याच्या तोंडाशी पुन्हा सोनोग्राफी झाली. वार जागची हलली नव्हती. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या, त्यानंच मला घाम फुटला. सिझेरियन करावं लागणार, म्हणजे पोटावर छेद देऊन बाळ काढायचं. "आणि आजपासून माझ्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहायचं. राहाता नाही. जामखेड तर नाहीच. रक्त सुरू झालं तर रस्त्यात माझ्या हातात काही नसतं."

हे ऐकून आई फोनवर रडायला लागली. तिनं शेवया करून ठेवल्या होत्या, डिंक आणला होता, दुपटी शिवली होती. पण रडणं त्याचं नव्हतं. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तिची आई वारलेली, त्यामुळे माहेर नाहीच. कळा आल्या तेव्हा ती "आई गं" म्हणून ओरडायची, आणि ओ द्यायला कुणी नव्हतं. माझ्या लेकीचं असं होऊ देणार नाही, असं तिनं तेव्हाच मनाशी धरलं होतं.

मी म्हटलं, "आई, जीव महत्त्वाचा."

ती म्हणाली, "जीव बी पायजे आन् माहेर बी."

त्याच आठवड्यात अण्णा नगरला आले आणि दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मग टेम्पो आला. तुम्हाला वाटेल चार भांडी आणली असतील. आईनं देव आणले, पाटा-वरवंटा आणला, बाज आणली, जामखेडची ज्वारी आणली, आणि अंगणातली तुळस कुंडीसकट आणली. म्हैस तेवढी राहिली. ती सांभाळायला अण्णांनी त्या बांधाच्या डॉक्टरांच्या गड्याला सांगितलं, त्यामुळे रामराम पुन्हा सुरू झाला. आणि शेवटी अण्णांनी पिशवीतून घराच्या दारावरची पितळी पाटी काढली. नाव, गाव, पोस्ट जामखेड. चार स्क्रू मारून खोलीच्या दारावर घट्ट बसवली.

घरमालक धावत आला. "अहो काका, भाड्यानं दिलंय, विकलं नाही!"

"पोरगी बाळंत हुईस्तवर माझंच घर हाय हे," अण्णा म्हणाले.

राहात्याहून माझी रीतसर पाठवणी झाली, ओटी भरली, पण सासूबाई घुश्श्यातच होत्या. भाड्याच्या खोलीला माहेर म्हणत नाहीत, हे त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं. बरं, नातवंड तर हवं होतं. म्हणून एक दिवस सकाळच्या गाडीनं त्या नगरला खोलीची तपासणी करायला आल्या. पाटी बघून नाक मुरडलं. "पाटी लावली म्हंजी माहेर हुतं व्हय, इहीणबाई?" आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हात धुवा, बसा, जेवा, मंग ठरवा."

सासूबाई आतल्या मोरीत हात धुवायला गेल्या, मी पाणी द्यायला उठले आणि पायावर गरम काही तरी आलं. दुखलं काहीच नाही. खाली बघितलं तर रक्त. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच.

सरळ सांगते, मी घाबरले. बाळ गेलं, असंच माझ्या मनात आलं. आईनं पिठाच्या हातानं मला धरलं आणि म्हणाली, "मी हाय. चल." एवढंच. आम्ही गल्ली ओलांडली, आई अनवाणी, मागून अण्णा. दवाखान्याच्या पायरीवर पोचेपर्यंत मॅडमचा आवाज ऐकू यायला लागला होता. त्या कुणावर तरी ओरडत होत्या आणि मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

स्पायनल दिलं, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचं बधिर करतात. माणूस जागा असतो. मॅडमचे मिस्टर उशाशी होते. मला काही तरी बोलत राहायचं होतं, नाही तर रडू आलं असतं. म्हणून मी त्यांना सांगितलं, तुमच्या ह्या हिरव्या गाऊनची खांद्याची शिवण चुकीची आहे, एका धुण्यात उसवेल. पडद्यापलीकडून मॅडम ओरडल्या, "पेशंटनं शांत पडायचं!" हाताला रक्ताची पिशवी लागलेली. कुणाचं रक्त कोण जाणे, त्या माणसाला उदंड आयुष्य मिळो. मी डोळे मिटले आणि "आई गं" म्हटलं. तिनं आधीच बजावलं होतं, की तू हाक मार, मी दाराबाहेर असेन. आणि खरंच, बाहेरून मोठ्यानं "ओ!" आली. नंतर मॅडम तिच्यावरही ओरडल्या. मग बाळ रडलं.

मुलगी झाली. दिवस भरायच्या आतली, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली, पण आवाज मॅडमच्या तोडीचा.

अण्णा पेढे आणायला निघाले तेव्हा खिशात हात घातला आणि त्यांना किल्ली लागली. शेतकरी माणूस, कसलीही घाई असो, घराला कुलूप घातल्याशिवाय निघत नाही. त्यांनी खोलीला कुलूप लावलं होतं. सासूबाई आत.

धावत गेले बिचारे. सासूबाई खिडकीच्या गजाला धरून उभ्या, आणि गल्लीतली पोरंसोरं समोर. "मला कोंडून गेला व्हय? माझ्या सुनेचं काय झालं?" अण्णांनी कुलूप काढायच्या आधी बातमी सांगितली. सासूबाई आत रडायला लागल्या, अण्णा बाहेर, आणि त्या गडबडीत किल्ली गटारात पडली. मग दगडानं कुलूप फोडलं.

संध्याकाळी आमचे हे राहात्याहून पोचले, तेव्हा सासूबाई माझ्या खाटेशी बसून सगळ्या वॉर्डाला सांगत होत्या, "व्याह्यांनी कुलूप लावलं म्हंजी घर त्यांचंच. दुसऱ्याच्या घराला कुणी कुलूप लावतं व्हय? सूनबाईचं बाळंतपण माहेरीच झालं." आई नुसती पदरानं तोंड पुसत होती. खूप वेळ पुसत होती.

बाळ पेटीतून बाहेर आलं, वजन धरायला लागलं, आणि सव्वा महिना मी त्या दोन खोल्यांत शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं माहेरपण घेतलं. शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा बाकावर एक मुलगी रडत बसलेली. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, नवरा इथं एमआयडीसीत, चार पोरांत मिळून खोली. तिचीही वार खाली. तिलाही मॅडमनी हाकेच्या अंतरावर राहायला सांगितलेलं. मी विचारलं, सोबतीला आई येईल ना? ती म्हणाली, "आई न्हाई मला."

मी घरी येऊन हे आईला सांगितलं. ती उठली आणि तशीच दवाखान्यात गेली.

अण्णा निघायच्या तयारीत होते. टेम्पो दारात होता, हातात स्क्रू-ड्रायव्हर होता आणि पाटीचा पहिला स्क्रू सैल झालेला. तेवढ्यात आई त्या मुलीला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "राहू द्या ती पाटी. बाज उतरवा. ही बाळंत झाली की मंग जाऊ."

अण्णांनी स्क्रू पुन्हा पिळून घट्ट केला.

तर बायांनो, दवाखाना निवडताना रक्त विचारा, भूल विचारा, काचेची पेटी विचारा. ओरडणाऱ्या डॉक्टरला भिऊ नका. मी राहात्याला आले, मशीनवर बसले, मुलगी आता पालथी पडते. त्या अकोल्याच्या मुलीला मुलगा झाला. पण तिच्या मागून आणखी एक आली, जामखेडच्याच बाजूची. त्यामुळे आई अजून नगरलाच आहे, अण्णा म्हशीपायी ये-जा करतात, आणि जामखेडच्या आमच्या दारावर पाटीच्या जागी चार भोकं आहेत.