उंटाच्या कवटीची घोडी

दारं-खिडक्या कितीही घट्ट लावा, सौदीतल्या या अबकैकची वाळू घरात शिरतेच. शेजारच्या गॅरेथचे किस्से माझ्याकडे असेच साठले. मी भिंतीला कान लावून बसायचे, तो भाग वेगळा!

गॅरेथ वेल्सचा. इंग्लंडचा का विचारलं, की कानडी माणसाला मद्रासी म्हटल्यासारखा चेहरा करायचा. आला त्याच आठवड्यात भिंतीपलीकडून बायकांचा घोळका गाताना ऐकू आला, खाली धपधप ड्रम. एकटा राहणारा माणूस! बटाटेवडे घेऊन लगेच गेले. आत खरंच एकटाच. पायाशी एक यंत्र, गायलेली ओळ बारीक आवाजात परत परत म्हणणारं.

"गाणं आमच्या गावच्या म्हाताऱ्यांचं, ड्रम माझा," म्हणाला. वडे सगळे संपवले.

*

त्यांच्याकडे नव्या वर्षाला घोड्याची कवटी काठीवर लावतात, खाली पांढऱ्या चादरीत माणूस, आणि ही घोडी घेऊन दारोदार गात फिरतात. इथे घोडा कुठला? यानं वाळवंटातून उंटाची आणली. आमच्या गल्लीतल्या, रत्नागिरीच्या झुबेदाआपांनी ती त्याच्या मागच्या अंगणात, टबात भिजताना पाहिली. आठवडाभर आपांकडे नुसता डाळभात.

*

रिवाज असा. घोडी बाहेरून गाऊन आत यायला मागते, घरच्यांनी गाऊनच नाही म्हणायचं. घरच्यांचं गाणं आधी संपलं, तर दार उघडायचं. तिकडे म्हणे ती आली की भरभराट होते. इथे पहिल्या वर्षी ती गल्लीतल्या थॉमसकडे शिरली, मग एका इजिप्शियन घरात. महिन्याभरात दोघांनाही फायनल एक्झिट, म्हणजे नोकरी संपून कायमचं मायदेशी. सौदींना नोकऱ्या द्यायचे दिवस होते, कुणाचीही जायची. पण आपा म्हणाल्या, "तीच दोन घरं कशी गं?"

*

पुढच्या वर्षी यांच्या हाताखालचा सौदी इंजिनियर काम शिकून तयार झाला होता. यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आलेला, आणि लेकीची बारावी होईपर्यंत आम्हाला दोन वर्षं तरी इथे काढायची होती.

मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतर दार वाजलं. भिंगातून पाहिलं, तर डोळ्यांच्या खोबणीत निळे बल्ब आणि जबडा कटकट वाजतोय. मला गाणी कुठली येतात? बंद दाराआडून उखाणे सुरू केले.

"वाळवंटात फुलत नाही मोगरा नि जाई,
दिनकररावांच्या घरात तुला जागा नाही, बाई."

बराच वेळ चाललं. शेवटी तोच थकला.

यांचा इकामा वाढला. नोकरी गेली ती गॅरेथची. यंत्र त्यानं बॅगेत भरलं, कवटी कुंपणापलीकडे पुरली. मला उगाच अपराधी वाटलं, तसं बोलले.

"ती कुठेतरी शिरणारच होती," तो हसून म्हणाला.

*

यंदा शेजारचं घर रिकामंच आहे. लेकीचं एक वर्ष झालं, एक उरलंय. नव्या वर्षाच्या संध्याकाळी मी ओट्याशी कणीक मळत होते. आधी ड्रम ऐकू आला, मग दार वाजलं. मी उखाण्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेरून एक बाई मराठीत म्हणाली,

"बॅगा भरून झाल्या, घर रिकामे झाले,
दिनकररावांना न्यायला मी दाराशी आले."

हा उखाणा मी कधी रचलेला नाही. आवाज मात्र माझाच.

हे हॉलमधून उठले. "अगं, तू बाहेर कशी अडकलीस?" म्हणाले, आणि कडी काढली.