दिवस बुडताना जपान

पोरगी रांगायला लागली तेव्हाचं सांगते. गंगापूर रोडला आमचं वरच्या मजल्यावर घर, आणि गच्चीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची तार बांधलेली. आमच्या ह्यांना हॅम रेडिओचा नाद, म्हणजे घरात बसून बिनतारी यंत्रावर लांबलांबच्या माणसांशी बोलायचं. लग्नानंतर तो मलापण लागला. मी नामपूरची, नववीतनं शाळा सुटलेली, माईकवर इंग्रजी बोलायचं म्हटलं की मी उठून पळायची. पण मोर्सचं टकटक, अक्षरांची टिंबं आणि रेघा, कानाला लगेच बसलं. त्यात तोंड उघडायचंच नसतं, समोरच्याला कळत नाय कोण कुठली, किती शिकलेली. हे पुस्तक वाचून दाखवायचे, मी पोळ्या लाटता लाटता पाठ करायची. असं करून परीक्षा दिली, धाकधुकीत पास झाले, दिल्लीहून माझा स्वतःचा कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं नाव, आला.

आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, ती तार डोळ्यांत खुपायची.

"वीज बोलवून घेताय घरात. पोरगी लहान हाय. पावसाच्या आधी तार उतरली पाहिजे, सांगून ठेवते."

हे हसायचे. मला हसू येत नव्हतं, कारण भीती मलापण तीच. तारेचं टोक रेडिओत, रेडिओ टेबलावर, आणि टेबलाखाली पोरगी. तरी मी बसायचीच, काय करू, दिवसभर धुणं, भांडी, पोरगी, आणि दिवस बुडायला लागला की रेडिओत लांबलांबची माणसं यायला लागायची, मग जीव थाऱ्यावर राहायचाच नाय. बंगलोर लागलं होतं, कलकत्ता लागलं होतं. देशाबाहेरच्या कुणी मला ऐकलं नव्हतं. तार उतरायच्या आत एकदा तरी लागू दे, एवढंच डोक्यात.

मे महिना होता. हे मागं चहा पीत उभे. मी हाक दिली, परत दिली, आणि बारीक, लांबून, उत्तर आलं. पहिलं अक्षर जे.

"जपान!" हे ओरडले. "हळू पाठव, हळू!"

नियम असा, त्यानं माझा कॉलसाईन पूर्ण घ्यायचा, मी त्याचा, आवाज कसा येतोय ते दोघांनी सांगायचं, नायतर ते मोजत नाय. त्यानं माझी निम्मी अक्षरं पाठवली आणि पुढं प्रश्नचिन्ह. मी परत पाठवायला लागले तर स्पीकरमधे खर्रर्र झालं.

मला माहीत होतं ते काय. लांब कुठं वीज चमकली की आधी रेडिओत खरखरतं, आपल्याला कधीकधी दिसतपण नाय. परत झालं, मोठं.

"अगं, दिंडोरीच्याही पलीकडे असेल ती. पाठव, दोन मिनिटांचं काम आहे!"

तिकडनं परत प्रश्नचिन्ह. बिचारा थांबला होता. पोरगी टेबलाचा पाय धरून उभं राहायला बघत होती. मी मागनं तारेचं टोक उपटलं आणि खिडकीबाहेर टाकलं. रेडिओ गप्प.

"जपान होतं गं! ढग तरी दिसतोय का कुठे?"

"नाय दिसत! तुमचे झालेत शंभर देश, तुम्हाला काय!" मला रडूच आलं.

आरडाओरडा ऐकून आत्याबाई आल्या. खिडकीबाहेर लोंबणारी तार बघितली.

"ही अशी निघते व्हय?"

"निघते."

"आणि तू काढतेस?"

"जरा खरखरलं की काढते."

"मग इतके दिवस बोलली का नाय गं बये? मला वाटलं कायमची डकवलेली!" मग ह्यांच्याकडे वळून, "तू काढली असतीस?"

हे कप ठेवायला आत निघाले.

"राहू दे तार," आत्याबाई म्हणाल्या. "पण घरात ही असेल तरच रेडिओ लावायचा. तुझा भरवसा नाय."

"आई, लायसन आधी मला मिळालंय!"

"मग भिंतीला लाव."

पाऊस आलाच नाय त्या दिवशी. मला सारखं वाटत राहिलं, तो तिकडं अजून प्रश्नचिन्ह पाठवत असेल. दुसऱ्या दिवशी दिवस बुडायला परत बसले. जपान नाय, श्रीलंका आली, तीपण निम्म्यात विरली. पोरगी रडायला लागली. आत्याबाईंनी तिला उचललं, गच्चीवर नेलं, आणि मी परत हाक द्यायला लागले.